जावई, दत्तक आणि अ‍ॅलेशियाचा कारभारी

पत्र असं आहे:

"ठाण्याला वर्तकनगरात राहते, नोकरी महापेला. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की फोनवर 'रोम: टोटल वॉर' हा रोमन घराण्याचं राज्य चालवायचा खेळ उघडते. ज्युलियस घराणं घेतलंय. इ.स.पू. २३८ साल चाललंय. शहरं १९ आणि घरात कर्ते पुरुष ७. गव्हर्नर नसलेल्या शहरांची सतत धाकधूक, आणि ज्यांना गव्हर्नर करून बसवलं ते एक तर दारुडे झाले, नाहीतर लाचखाऊ. तिजोरीत ८०,००० डिनारी असूनही ही तऱ्हा! अ‍ॅलेशिया दोनदा बंड करून हातचं गेलं. वारस आहे थोरला लूशियस, तो सगळ्यांत जास्त पिणारा. दत्तक घेतलेला सर्व्हियस लढाईतही सरस आणि कारभारातही. त्याला वारस करायचं मनात आहे, पण शेजारी बसून बघणारे सासरे म्हणतात, 'रक्ताचा असताना दत्तकाला गादी? बरं दिसतं का ते?' शिवाय घरातल्या मुलीला स्थळ आलंय. होकार देऊ की नको? — कोपरखैरण्यापर्यंतची सम्राज्ञी"

सम्राज्ञीबाई,

आधी त्या ८०,००० डिनारींचं बोलू, कारण तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. 'असूनही ही तऱ्हा' असं तुम्ही लिहिलंय. ते 'असल्यामुळेच ही तऱ्हा' असं वाचा. या खेळात तिजोरी ५०,००० च्या वर गेली की शहरात बसलेल्या गव्हर्नरांना हात मारायची, उधळपट्टीची खोड लागायची शक्यता दर टर्नला, म्हणजे खेळातल्या दर पाळीला, डोकं वर काढते. सोसायटीच्या खात्यात दुरुस्तीचा फंड साठला की कमिटीतल्या भल्याभल्यांना लॉबीत इटालियन मार्बलची स्वप्नं पडू लागतात, तसंच हे. एकदा खोड जडली की ती सहसा जात नाही, वाढत जाते. 'हात जरा सैल' इथून सुरुवात होते आणि दहा-बारा टर्नांत कुंपणच शेत खायला लागलेलं दिसतं.

म्हणून टर्न संपवण्याआधी तिजोरीवर नजर टाकायची सवय लावा. जास्तीचा पैसा रस्ते, बंदरं, बाजार आणि मुख्य म्हणजे गटारांवर घाला. बांधकाम रांगेत लावलं की पैसे तिथल्या तिथे वळते होतात, काम पुरं होईपर्यंत थांबावं लागत नाही. त्यामुळे एकाच टर्नमध्ये ३०,००० सहज उडवता येतात. गटारं म्हटल्यावर नाक मुरडू नका. मोठ्या शहरात पुढे बंड होतं ते बहुतेक वेळा बकालपणामुळे, आणि बकालपणावर या खेळात गटारांइतका दुसरा स्वस्त उतारा नाही.

दारूचं कारण वेगळं आहे. ज्युलियस घराण्याला तीन देवतांची देवळं बांधता येतात: सीरीस, ज्युपिटर आणि बॅकस. बॅकसच्या देवळाने लोक इतके खूश होतात की नवा खेळाडू प्रत्येक शहरात तेच बांधत सुटतो. पण बॅकस हा मद्याचा देव. त्याच्या देवळाच्या गावात जो गव्हर्नर बसेल त्याच्या अंगाला तो वास लागणारच. लूशियसला तुम्ही कुठे बसवलं होतं ते एकदा बघा. मी पैज लावायला तयार आहे. ते देऊळ ठेवायचं असेल तर ठेवा, प्रजेला त्याचा फायदाच आहे, फक्त त्या शहरात घरचा मुलगा ठेवू नका.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. ७ माणसांत १९ शहरं कशी पुरवायची या विवंचनेत तुम्ही आहात. पुरवायची नाहीतच. प्रत्येक शहरात घरचा माणूस हवा, हा हट्ट नव्या खेळाडूला सर्वांत महाग पडतो. मी पाहिलेल्या बुडालेल्या डावांपैकी बहुतेक डाव या हट्टापायी बुडालेत, शत्रूच्या हत्तींमुळे नव्हे.

गव्हर्नर देतो काय, ते नीट बघा. त्याच्या तीन गुणांपैकी सेनापतित्व शहरात बसून फारसं कामाला येत नाही. कारभाराच्या गुणाने उत्पन्न वाढतं, आणि त्याच्या वजनाने लोक शांत राहतात. कारभारी कितीही हुशार असला तरी ज्या खेड्यात मुळात उत्पन्नच नाही तिथे तो वाढवणार काय? आणि ज्या शहराचा चेहरा, म्हणजे लोकांची मर्जी दाखवणारं चित्र, आधीच हसरा आहे तिथे त्याच्या वजनाची गरजच नाही. मग तुमच्या १९ शहरांपैकी माणूस लागतो किती ठिकाणी? माझ्या अंदाजाने पाच, फार तर सहा. बंदर असलेली, व्यापाराची दोन-तीन शहरं आणि सीमेवरची धुमसणारी दोन-तीन. बाकीची मोकळी सोडा.

मोकळ्या शहरांची 'धाकधूक' मात्र मला कळते. २००४ च्या मूळ खेळात मोहीम सुरू करताना सगळी शहरं आपणच सांभाळायची की नाही याची एक खूण करायची असते. ती केली नसेल तर गव्हर्नर नसलेल्या शहराचा कारभार खेळ आपल्या हातात घेतो, आणि तो डोक्याला हात लावावा असा करतो. पुढच्या मोहिमेत ती खूण आठवणीने करा. मग मोकळ्या शहराचा करही तुम्हीच ठरवाल आणि बांधकामही.

शिबंदीलाही महागडे शिपाई नकोत. शहर शांत ठेवताना खेळ डोकी मोजतो, तलवारी मोजत नाही. सगळ्यांत स्वस्त ते शेतकऱ्यांचं पथक, त्यात माणसंही जास्त. रणांगणात ते पहिल्या धक्क्याला पळतात, पण चौकात उभं राहायला पळावं कुठे लागतं?

घरचा माणूस नसताना शहर चालवणं यात कमीपणा वाटत असेल, तर एकदा नाशिकला पांडवलेण्यांत जाऊन या. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरलेली आहे, त्याच्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षाची. ती आहे गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला. हा राजाचा ना मुलगा ना पुतण्या, नेमलेला अधिकारी. आज्ञेत काय, तर अमुक गावातलं २०० निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्या. त्याच लेण्यात २४व्या वर्षाची दुसरी आज्ञा आहे, राजा आणि राजमाता बलश्री या दोघांच्या नावाने. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही उठून गेलंय, तेव्हा त्याऐवजी दुसरीकडची १०० निवर्तनं राजाची जमीन द्या, असा तिचा आशय. आणि ही आज्ञा ज्याला केली आहे तो अमात्य विष्णुपालित नाही, श्यामक आहे. सहा वर्षांच्या आत गोवर्धनचा माणूस बदललेला. राजघराणं मोठं करण्यापेक्षा अधिकारी नेमावेत आणि ते एका जागी मुरू देऊ नयेत, हे सातवाहनांना ठाऊक होतं.

रोमनांचाही नियम गव्हर्नरला एक वर्षाचा होता. मुदत वाढत गेली की काय होतं याचा नमुना म्हणजे व्हेरेस. इ.स.पू. ७३ ते ७१ असा तो सिसिलीत राहिला आणि बेट धुऊन नेलं. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने खटला उभा केला, तेव्हा निकालाआधीच गडी मसिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेलला, पसार. तुमच्या लाचखाऊ गव्हर्नरांना घाबरायचं कारण नाही, पण त्यांना श्रीमंत शहरातून उचला. त्यांच्या हाताखाली सैन्य द्या आणि रस्त्यावरचे दरोडेखोर मारायला पाठवा. भाडोत्री शिपाई घेणं, चौक्या-बुरूज उभारणं ही कामं फक्त घरच्या माणसालाच करता येतात. कारभारात नापास झालेला माणूस तिथे कामाचा ठरतो.

गव्हर्नरांबद्दल आणखी एक बारकावा. शहर जिंकल्यावर तिथल्या लोकांना गुलाम केलंत तर ते तुमच्या इतर शहरांत वाटले जातात, पण कुठे? जिथे गव्हर्नर बसलाय तिथेच. म्हणजे मोठं शहर घ्यायच्या आदल्या टर्नला तुमचे कारभारी कुठे आहेत याला महत्त्व आहे. लोकसंख्या ६,००० च्या किंवा १२,००० च्या उंबरठ्यावर अडलेली एखादी जागा असेल तर कारभाऱ्याला तात्पुरता तिथे नेऊन बसवा, पुढचा टप्पा गाठला जाईल. आधीच तुडुंब भरलेल्या शहरातून मात्र त्याला बाहेर काढा, नाहीतर नवे लोक येऊन बकालपणा आणखी वाढेल.

अ‍ॅलेशिया. दोनदा गेलं म्हणता, तर तिसऱ्यांदा घेतल्यावर हे करून बघा. शहराचा तपशील उघडा. तिथे सुव्यवस्थेच्या ओळीत लहान लहान चित्रं असतात, काही लोकांना शांत ठेवणारी, काही चिडवणारी. चिडवणाऱ्यांकडे बघा. राजधानीचं अंतर हे एक चित्र. परक्या संस्कृतीचं दुसरं. गॉल लोकांची देवळं, त्यांच्या जुन्या इमारती तशाच उभ्या असतील तर हे दुसरं चित्र जाता जात नाही. त्यांचं देऊळ पाडा आणि त्याच टर्नला आपलं रांगेत लावा. कर सगळ्यांत खालच्या पायरीवर आणा. सात-आठ टर्न तिथून एक छदाम मिळणार नाही असं धरून चाला. शेतकऱ्यांची पथकं भरा, जेवढी मावतील तेवढी. आणि तुमच्या घरात ज्याचं वजन सर्वांत जास्त असेल त्याला इथे बसवा. तो कारभारात कच्चा असला तरी बिघडत नाही, इथे कमवायचं नाहीच आहे. एकदा का तिथे आपली इमारत उभी राहिली की त्याला तिथून हलवा.

राजधानी अजून अरेटियमलाच असेल तर तीही हलवायचा विचार करा. राज्य उत्तरेला पसरलं आणि राजधानी मागे राहिली की सीमेवरचं प्रत्येक शहर अंतरापायी कुरकुरतं. मेडिओलानम मध्यावर पडतं. राजधानी बदलायला खर्च नाही, आणि एका बटणाने चार शहरांचे चेहरे बदलतात.

आता घरात येऊ. वारसाचा हिशेब सोपा आहे, पण कुणी करत नाही. वर्षाचे दोन टर्न, मुलगा १६व्या वर्षी कर्ता होतो. म्हणजे आज पाळणा हलला तर तो मुलगा ३२ टर्नांनी पटावर येणार. आज जो वारस निवडाल तो ४५ वर्षांचा असेल तर त्याच्या हाती गादी येईस्तोवर तोही म्हातारा. म्हणून वारस निवडताना गुणांच्या आधी वय बघा. तिशीच्या आतबाहेरचा हवा. तुमचा सर्व्हियस त्यात बसतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बसत असेल तर पुढे वाचा, नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की रोमन लोक कर्त्या वयाचे दत्तक घेत, ते मुळी घराण्याला लायक माणूस मिळावा म्हणूनच. कार्थेज ज्याने इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केलं तो स्किपिओ जन्माने स्किपिओ नव्हताच, एमिलियस पॉलसचा मुलगा होता. स्किपिओंच्या घरात दत्तक आलेला. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची कथा तर तुमच्या कामाची आहे. त्याने जावई मार्सेलसवर भिस्त ठेवली, तो इ.स.पू. २३ मध्ये गेला. मग अग्रिप्पा, तो इ.स.पू. १२ मध्ये. मग अग्रिप्पाचे दोन मुलगे स्वतः दत्तक घेऊन वाढवले, त्यातला धाकटा ल्यूशियस इ.स. २ मध्ये आणि थोरला गायस इ.स. ४ मध्ये वारला. शेवटी बायकोच्या पहिल्या लग्नाचा मुलगा टायबेरियस दत्तक घेतला, वय वर्षं ४४. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेला आणि राज्य टायबेरियसकडे आलं. तुमचा खेळही त्याच साली संपतो, हा योगायोग नसावा.

हे सगळं परदेशातलं वाटलं तर सासऱ्यांना बडोद्याची आठवण द्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ १८७५ मध्ये जमनाबाईंनी दत्तक घेतला. तो सयाजीराव गायकवाड म्हणून १९३९ पर्यंत गादीवर होता, आणि त्या गादीवर त्याच्यापेक्षा मोठा कुणी झाला नाही. यावर सासरे काय म्हणतात ते मला कळवा, उत्सुकता आहे.

वारस बदलायचा तर आत्ताच बदला, दर चार टर्नांनी खेळ मांडू नका. आणि सर्व्हियसला नुसतं नाव देऊन अ‍ॅलेशियात कुजत ठेवू नका. घरात कुणी साठी ओलांडलेला म्हातारा असेल तर त्याच्याभोवती वर्षानुवर्षांत जमलेली मंडळी बघा. कुणी वैद्य, कुणी हिशेबनीस, कुणी सल्लागार. एका माणसाजवळ आठच मावतात. म्हातारा आणि सर्व्हियस एका शहरात आणा आणि त्यातली कामाची माणसं सर्व्हियसकडे हलवा. हे म्हातारा जिवंत असतानाच करावं लागतं. तो गेला की त्याची मंडळीही त्याच्याबरोबर जातात. तुम्ही गाडीत उभ्या असताना टर्न संपवलात आणि वैद्य तसाच सरणावर गेला, असं होऊ देऊ नका. सोळा वर्षांची नवी पोरं पटावर आली की आधी काही टर्न अकॅडमी असलेल्या शहरात ठेवा, मग लहानसहान लढायांना पाठवा. मोठ्या लढायांत 'ऑटो-रिझॉल्व्ह' (लढाईचा निकाल खेळावरच सोपवणारं बटण) दाबताना मात्र वारस सैन्यात नाही ना, हे बघून घ्या. गाडी ऐरोलीला थांबेपर्यंत लढाई उरकायच्या नादात वारस गमावणारे लोक मला माहीत आहेत.

आता स्थळ. एरवी मराठी घरात 'घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं' म्हणून कपाळाला हात लावतात. इथे घोडी पाठवणारा व्याही देवासारखा. जावई येतो तो घोडेस्वारांचं अंगरक्षक पथक घेऊन येतो, ते टर्नागणिक फुकटात भरून निघतं, आणि पुढे त्याची पोरंही ज्युलियसच्याच नावाने वाढतात. सात पुरुषांच्या घरात हे स्थळ नाकारायचं म्हणजे कहर. होकार देण्याआधी त्याचे गुण-अवगुण मात्र उघडून वाचा. वय पन्नाशीकडे झुकलेलं असेल किंवा आधीच बाटलीची ओढ दिसत असेल तर मुलीला थांबवा, दुसरं स्थळ येतं. शहरं वाढली की खेळ स्वतःहून घर भरत राहतो, कधी दत्तक सुचवून, कधी जावई आणून. एखादा साधा कप्तान अवघड लढाई जिंकला की त्यालाही घरात घ्यायचा प्रस्ताव येतो. मी तो शक्यतो नाकारत नाही. लढाईत स्वतःला दाखवून आलेला माणूस हा वशिल्याने आलेल्यापेक्षा बरा.

जावयाला कुठे बसवायचं, हे विचारलं नाहीत, पण सांगतो. चांगलं बंदर द्या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख त्याच पांडवलेण्यांत आहेत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे त्याने धर्मशाळा बांधल्याचं त्यांत लिहिलंय. शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा. सासऱ्याच्या राज्यातल्या घाटावरच्या आणि बंदरावरच्या वाटा जावयाच्या नजरेखाली होत्या. (गौतमीपुत्राने १८व्या वर्षी जे शेत भिक्षूंना दिलं ते आधी या उषवदाताकडचंच होतं. राज्य गेलं की जावयाचं शेतही जातं.)

प्लेगचं चिन्ह एखाद्या शहरावर दिसलं तर तिथल्या गव्हर्नरला तिथेच राहू द्या. त्याला घाईने बाहेर काढलंत तर तो रोग दुसऱ्या शहरात घेऊन जाईल.

राहता राहिला लूशियस. वारसपद गेल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसला. त्याला मारायच्या लढाईत पाठवणारे खेळाडू आहेत, मी त्यातला नाही. त्याला एखादं हसऱ्या चेहऱ्याचं, कमी उत्पन्नाचं गाव द्या, बॅकसच्या देवळासकट. पण वारस बदलायचं जमलंच नाही, सासऱ्यांचं म्हणणं मोडवत नाही म्हणून तोच गादीवर बसला, तर एक वाट शिल्लक राहते. तुमची शहरं वाढत गेली आणि रोमचे लोक तुमच्यावर लुब्ध झाले की सेनेट घाबरते, आणि एक दिवस घराण्याच्या प्रमुखाने आत्महत्या करावी असा हुकूम धाडते. बहुतेक जण तो धुडकावतात आणि यादवी पत्करतात. लूशियस त्या दिवशी गादीवर असला आणि सर्व्हियस त्याचा वारस, तर मी हुकूम मान्य करेन.